'भामटा' कोणाला म्हणता?

समाजांच्या आणि वंशांच्या नावांबद्दल तेच ते प्रश्न दर महिन्याला येतात. यावेळी एकदमच उत्तरं देतो.

प्रश्न : जुन्या अमेरिकी कथेच्या अनुवादात 'निग्रो' ठेवू का?

पात्राच्या तोंडी असेल तर ठेवा, निवेदनात नको. अमेरिकेच्या जनगणना विभागानेही 2013 मध्ये तो शब्द सोडायचं ठरवलं.

प्रश्न : मग पुण्यात शिकणाऱ्या नायजेरियन मुलाला 'आफ्रिकन-अमेरिकन' म्हणायचं?

तो अमेरिकेचा कधी झाला? नायजेरियन म्हणा.

प्रश्न : 'हबशी' ही शिवी आहे का?

मुळात नाही. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. मलिक अंबरावर लिहिताना चालेल, आजच्या माणसाला उद्देशून नको.

प्रश्न : 'भामट्याने वृद्धेला गंडवले' या आमच्या बातमीवर एका वाचकाने आक्षेप घेतला. शब्द तर रुळलेला आहे!

रुळलेला आहे हेच तर दुखणं! महाराष्ट्राच्या विमुक्त जातींची यादी कधी उघडून पाहिलीत? त्यात 14 नावं आहेत. 'भामटा' त्यातलंच एक, 'राजपूत भामटा' आणखी एक. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर ज्या मुलाची ही जात लिहिलेली असते, तो रोज सकाळी तुमच्या मथळ्यात ठग म्हणून छापला जातो.

इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर कुंपणाआड वस्तीच केली, लोक तिला अजून सेटलमेंटच म्हणतात. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर! म्हणून विमुक्त. शब्दकोशातला शिक्का मात्र कोणी पुसला नाही. 'पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच पारधी टोळी असं असतं' ही सबब मला सांगू नका. चोरी माणूस करतो, जमात नाही. ठग, लबाड, फसवणारा, एवढे शब्द असताना एखाद्याची जात कशाला वापरायची? शंका असेल तर छापण्याआधी त्या समाजातल्या माणसाला फोन करा.

प्रश्न : वडिलांच्या दाखल्यावर 'राजपारधी' आहे, माझ्या शाळेत नुसतं 'पारधी'. एजंट म्हणतो, 'फासेपारधी' करून देतो, सवलती जास्त मिळतील.

त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. राजपारधी विमुक्त जातींत येतात, फासेपारधी अनुसूचित जमातींत. याद्या वेगळ्या, तपासणाऱ्या समित्याही वेगळ्या. खोटा दाखला पकडला गेला की प्रवेश जातो, नोकरी जाते, वर गुन्हा दाखल होतो, आणि एजंट फोन उचलत नाही. मी भाषेचा माणूस, तुमची जात ठरवणं माझं काम नाही. आजोबांच्या शाळेच्या जुन्या नोंदी काढा आणि जाणत्या वकिलाला दाखवा. प्रवेशाची यादी लागल्यावर नाही, याच आठवड्यात.