बंद गाडीच्या टर्बोची काळजी

प्रश्न : गुहागरच्या घरी वडिलांची जुनी टर्बो डिझेल गाडी चार पावसाळे शेडमध्ये उभी आहे. नवी बॅटरी बसवून थेट चालू करावी का?

उत्तर : कृपया तसे करू नका. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याला आधार असतो तो केवळ ऑइलच्या पातळ थराचा. इतक्या काळात हे ऑइल बेअरिंगमधून बरेचसे ओघळून गेलेले असते. म्हणून प्रथम ऑइल व त्याचा फिल्टर बदलावा, क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, पान्याने हळूहळू फिरवून इंजिन जाम नाही याची खात्री करावी आणि मग डिझेलचा पुरवठा बंद ठेवून, म्हणजे जुन्या पंपाच्या गाडीत सोलेनॉइडची (डिझेल रोखणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर फिरवावा.

त्याआधी एअर फिल्टर उघडून पाहाच. आपल्याकडे उंदीर तिथे काथ्या नेऊन घरटे करतात, आणि तो आत ओढला गेला तर टर्बोची पाती मोडू शकतात. दमट हवेमुळे टाकीच्या तळाशी पाणी साचते, तेव्हा जुने डिझेल पूर्ण काढावे. खाऱ्या वाऱ्याने ब्रेकचे पाइप गंजतात, तेही तपासावेत.

इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटे ॲक्सिलरेटरला स्पर्श करू नये. दाट निळसर धूर येऊन इंजिनाचा वेग आपोआप वाढू लागला, तर टर्बोतून ऑइल आत जात आहे असे समजावे. अशा वेळी चावी बंद करूनही इंजिन थांबेलच असे नाही. इंजिनात हवा शिरते ते तोंड फळीने झाकावे, हाताने कधीही नाही. ही फळी आधीच जवळ ठेवावी.