त्या माझ्याबद्दलच बोलत असतील का?

"मी आत गेले की त्या त्यांच्या भाषेत बोलायला लागतात." बंगळूरपासून म्युनिकपर्यंत नोकरीसाठी गेलेल्यांकडून ही तक्रार समुपदेशक म्हणून मी सतत ऐकते. एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

सांगलीकडची ही परिचारिका ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या ग्विनेड भागात नोकरीला होती. इंग्रजीची परीक्षा देऊन गेलेली, आणि ब्रेकरूममध्ये सगळ्याजणी वेल्श, म्हणजे तिथली स्थानिक भाषा बोलणाऱ्या. 2021 च्या जनगणनेत वेल्समधल्या जेमतेम 18 टक्के लोकांनी वेल्श येतं असं नोंदवलं, पण ग्विनेडमध्ये 64 टक्के. जाण्याआधी तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती डबा गाडीत बसून खायला लागली होती.

"ताई, मला बघितलं की इंग्रजी बंद होतं."

"तू दार उघडायच्या आधी इंग्रजी चालू होतं, हे कशावरून?"

ती थबकली. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. प्रसंगापेक्षा त्याचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. म्हणून मी नुसता धीर देत नाही, पुरावा मागते.

"मिरजेला असताना डबा खाताना कुठल्या भाषेत बोलायचात?"

"मराठीत."

"केरळच्या सिस्टर होत्या ना सोबत? त्यांच्याबद्दल बोलायचात?"

बराच वेळ ती गप्प होती. मीही मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प राहता येणं ही माझ्या कामातली मोठी कमाई आहे असं मी मानते.

"नाही हो. सासू, भिशी, मुलांच्या परीक्षा. त्यांचा विचारही नसायचा मनात." मग हळूच म्हणाली, "त्यांना काय वाटत असेल?"

अर्थ तिचा तिनेच बदलला. पुढचं सोपं होतं. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवत. त्या भाषेला अधिकृत दर्जा देणारा कायदा झाला 2011 मध्ये. तिथे चहासोबत वेल्श बोलण्यामागे हे सगळं आहे. ते कळल्यावर तिने शिकायचं ठरवलं. स्मृतिभ्रंशात इंग्रजी हरवत चाललेल्या एका आजींना तिने "पानाद?" म्हणजे चहा हवा का, असं विचारलं. आजी उठून बसल्या आणि वेल्शमध्ये भराभर बोलू लागल्या. हिला ओ की ठो कळेना. तिने सहकारी बोलावली. आजी साखर किती हवी ते सांगत होत्या! त्या सहकारीनेच मग तिला आकडे शिकवले, ब्रेकरूममध्ये बसून.

अशा जागी असाल तर आधी स्वतःला पुरावा मागा. रोजच्या कामातली चार वाक्यं शिका, चुकली तरी बोला. पण रुग्णाची माहिती तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत दिली जात असेल, तर संकोच नको. "मला हे इंग्रजीत सांगा," असं तिथल्या तिथे म्हणा. आणि कुणी खरोखर मुद्दाम डावललं, तर तारीख-वेळेसह लिहून वरिष्ठांकडे द्या.