टेबलटॉप आरपीजीमध्ये कोणत्या सिस्टिमची लढाई चांगली? आमची एकच फाइट दोन तास चालते

तुम्ही लिहिलंय की पाच मित्र आहात, डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायची, तो आरपीजी) फिफ्थ एडिशन खेळता, एका फाइटमध्ये अख्खी संध्याकाळ जाते, तर दुसरी कोणती सिस्टिम, म्हणजे नियमांचा संच, घ्यावी. भाऊ, हे दुखणं आमचंही होतं म्हणून लिहून राहिलो.

यवतमाळ जिल्ह्यात आर्णीच्या अलीकडे आमचं गाव, आम्हीही पाचच, आणि जीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, मी, कारण नियम वाचायचा कंटाळा नसलेला मी एकटाच. कापूस भरून ठेवलेल्या खोलीत बसतो. वार लागला का हे ठरवणारा वीस बाजूंचा फासा तालुक्याला कुठं मिळणार, म्हणून सुरुवातीला तांबोल्याच्या डब्यातले १ ते २० नंबर एका पिशवीत टाकले, हात घालायचा, काढायचा, पाहायचा, परत टाकायचा, मस्त चालते. तर एका रात्री सहा गोब्लिनसोबत (बुटके राक्षस) फाइट सुरू होती, आमच्यातल्या एका गड्यानं तलवार चालवली, नंबर निघाला ७, हुकली. तेवढ्यात थ्री फेज आली. त्याच्या हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, तो गाडी काढून वावरात गेला, मोटर चालू केली, स्प्रिंकलरचे पाइप बदलवले आणि वापस आला. आल्यावर म्हणे, "अबे मी पाणी लावून आलो, अजून माहा नंबर नाई आला का?" नव्हता आला. आला तेव्हा त्यानं पिशवीतून ४ काढला.

तेव्हापासून मी कोणतीही सिस्टिम हातात घेतली की पहिले हेच पाहतो की वार हुकला तर काय होते. बाकी शस्त्रांचे तक्ते, जादूची यादी, हे सगळं नंतर.

डी अँड डीत वार हुकला तर काहीच होत नाही, चूप बसायचं. हे तिच्या खानदानातूनच आलं असं मला वाटते, १९७४ साली हा खेळ आला तो चेनमेल नावाच्या युद्धाच्या खेळातून, जिथं एकेक माणूस म्हणजे पटावरची सोंगटी, आणि सोंगटीला बोअर होत नाही. आता हिशोब पाहा. पहिल्या लेव्हलच्या फायटरला फाशावर साधारण अधिक ५ मिळते, गोब्लिनची आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५, म्हणजे फाशावर १० किंवा वर पाहिजे, म्हणजे १०० पैकी ५५ वेळा लागते. लागली तरी २०१४ च्या पुस्तकात गोब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ७ आणि तलवारीचं डॅमेज आठ बाजूंचा फासा अधिक ३, म्हणजे फाशावर ४ च्या खाली आला तर गोब्लिन जिवंतच. दोन्ही मिळून एका टर्नमध्ये गोब्लिन पडायचा चान्स ३४ टक्क्यांच्या आसपास. आता सहा गोब्लिन, चार खेळाडू, आणि मधात एकजण स्पेलचा नियम शोधून राहिला. होणारच ना दोन तास.

पाथफाइंडरची दुसरी एडिशन, २०१९ ची, तिनं यावर अर्धा इलाज केला. प्रत्येकाला टर्नमध्ये तीन ॲक्शन, पाहिजे तर तिन्ही वार करा, पण दुसऱ्या वाराला वजा ५, तिसऱ्याला वजा १०. म्हणजे पहिल्याला १० पाहिजे असंल तर दुसऱ्याला १५, तिसऱ्याला थेट २०. पोट्टे दोन सेशन तिसरा वार करत राहिले, मग आपोआप शिकले की त्यापेक्षा ढाल उचलली तर आर्मर क्लास २ नं वाढते, नाहीतर दोन पावलं सरकून गोब्लिनच्या पाठीमागं जाता येते. हुकलं तरी टर्नमध्ये काहीतरी केल्यासारखं वाटते. पण हिशोब वाढतो, कारण आर्मर क्लासपेक्षा १० नं जास्त आला की क्रिटिकल, म्हणजे डॅमेज दुप्पट, म्हणून प्रत्येक बारीक अधिक १ लक्षात ठेवावा लागते. वेळ काही वाचत नाही. हिशोबाची आवड असलेला ग्रुप असंल तर राजा सिस्टिम आहे ही, आमच्यात असा माणूस मी एकटाच.

गर्प्स नावाची सिस्टिम आम्ही एकदाच खेळलो. एक टर्न म्हणजे एक सेकंद. मारणाऱ्यानं तीन फासे टाकायचे, बेरीज स्किलएवढी किंवा कमी आली की वार लागला, स्किल १२ असंल तर ७४ टक्के वेळा लागते, मग समोरच्यानंही तीन फासे टाकून वार चुकवायचा, त्याचा डिफेन्स १० असंल तर अर्धे वार वाया. शेवटी उरले ३७ टक्के. खरं वाटते लय, पण तुमचं दुखणं त्यानं वाढन.

खरा फरक डंजन वर्ल्डमध्ये दिसला. साधे लुडोचे दोन फासे, १० किंवा वर आला तर तुमचं काम झालं, ७ ते ९ म्हणजे तुम्ही मारलं पण समोरच्यानंही हाणलं, आणि ६ किंवा खाली आला तर जीएमनं काहीतरी वाईट घडवायचं. फासा काहीही पडला तरी गोष्ट हलतेच. नुसत्या फाशांवर ३६ पैकी १५ वेळा ६ किंवा खाली येते, म्हणजे लय वेळा, पण तरी कोणी बोअर होत नाही, कारण हुकलं की पुलाची फळी तुटते, कंदील विझते, वरून खेळाडूला एक्सपीरियन्स मिळते. टर्नचा क्रमच नाही, मी ज्याच्याकडं पाहून "तू काय करून रायला बे?" म्हटलं त्याची पाळी. आमच्या गावात तर हे वाक्य तसंही दिवसातून पन्नास वेळा होते. तोटा एकच, सगळा भार जीएमवर. लागोपाठ चार जण हुकले की माझ्या डोक्यातला संकटांचा साठा संपते आणि मी मग उगाच पाऊस पाडतो.

मग केर्न सापडलं. नियम फुकटात मिळतात, वाचायला एक दुपार पुरे. यात वार हुकतच नाही. लागला का हे पाहायला फासा टाकायचाच नाही, सरळ डॅमेज टाकायचं आणि त्यातून चिलखताचा आकडा वजा करायचा. सुरुवातीला हिट प्रोटेक्शन एका साध्या फाशाएवढं, १ ते ६, ते संपलं की पुढचा मार ताकदीतून कटते आणि ताकदीची सेव्ह (वीसच्या फाशावर उरलेल्या ताकदीएवढा किंवा कमी आकडा काढणं) फेल झाली की गडी आडवा. पहिल्यांदा खेळलो तेव्हा तोच हरभऱ्यावाला गोब्लिनच्या अंगावर धावला, त्याचं प्रोटेक्शन होतं २, गोब्लिनच्या फाशावर ६ पडला, ताकद ९ वरून ५ झाली, सेव्ह टाकली तर निघाला १७. पाच मिनिटं नाही झाले आणि गडी जमिनीवर. खोलीत सगळे चूप. बाकीच्यांनी त्याला ओढत झाडाखाली नेलं आणि पुढच्या वेळी गोब्लिनच्या गुहेत मिरचीचा धूर सोडला, लढलेच नाही. तीन महिने डी अँड डी खेळताना हे कोणाला सुचलं नव्हतं.

कॉल ऑफ क्थुलूही तसंच भीतीदायक आहे, माणसाचे हिट पॉइंट ११-१२ आणि जवळून मारलेली शॉटगन चार फाशांची, म्हणजे सरासरी १४. पण ते लढाईसाठी घेऊच नका, त्यात लढाई म्हणजे टिपेश्वरच्या वाघासमोर काठी घेऊन जाणं. सॅव्हेज वर्ल्ड्समधली एक गोष्ट मात्र चोरा, कोणाची पाळी पहिले हे तिथं पत्त्यांच्या कॅटवरून ठरते, मोठं पान पहिले आणि जोकर आला तर तो पाहिजे तेव्हा खेळते. आम्ही हे सगळ्याच सिस्टिममध्ये घुसवलं, पान उलटताना पोट्टे मोबाइल ठेवून देतात.

तर तुम्ही केर्न घ्या, माझं मत साफ आहे. मित्र डी अँड डी सोडायला तयार नसतील तर वार आणि डॅमेज दोन्ही फासे सोबतच टाकायला लावा, राक्षसांसाठी डॅमेजचा फासा टाकू नका, पुस्तकात सरासरी दिलेली असते (गोब्लिनचं ५), सगळ्या गोब्लिनची पाळी एकत्र घ्या आणि अर्धे मेले की बाकीचे पळवा. आमची तीच फाइट अशी खेळून पाहिली तर पाऊण तासात आटोपली, आणि तेव्हा लाइनही गेलेली होती.