छोट्या फ्लॅटमध्ये जुन्या सिनेमातल्या राक्षसांच्या मोठ्या फिगर्स जमवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात वन बीएचके आहे, ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी यांच्या टेबलावर मावणाऱ्या छोट्या फिगर्स, म्हणजे जमवायच्या प्लास्टिकच्या मूर्ती, आहेत, आता दीड-दोन फुटी घ्यायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी आणि आपल्या हवेत त्या टिकतील का?

जरूर घ्या. पण एकेक घ्या, आणि पैसे भरण्याआधी चेहऱ्याचे फोटो दोन-चार दिवस रोज बघा. मीही ठाण्यातच, वर्तकनगरला राहते. बारा वर्षांत माझ्याकडे मोठ्या फिगर्स चारच आल्या आणि पाचवीची मला घाई नाही.

छोटी फिगर आपण हातात धरून बघतो. मोठी फिगर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, स्वयंपाकघरात जाता-येता दिसते, रात्री दिवा मालवताना दिसते. त्यामुळे छोट्या फिगरचीच मापं वाढवून केलेली मोठी फिगर बहुतेक वेळा निर्जीव वाटते. हे मला कळलं ते आमच्या मागच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात. आषाढात तिथे डोळ्यांची आखणी चालू असते तेव्हा मी दरवर्षी जाऊन बसते. तिथले काका सांगतात, घरच्या मूर्तीचे डोळे समोर बघतात, पण मंडळाच्या उंच मूर्तीची नजर खाली उतरवावी लागते, नाहीतर समोर उभ्या माणसाकडे देव बघतच नाही असं वाटतं. बारीकसारीक दागिने कमी केले तरी चालतात, नजर चुकली की मूर्ती गेली. राक्षसांच्या बाबतीत मी हाच नियम लावते.

फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचंच घ्या. 1931 च्या सिनेमासाठी रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज चारेक तास राक्षसाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लोफच्या चेहऱ्यावर काम करायचे. सपाट डोकं आणि मानेतले खिळे सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्या चेहऱ्याचा जीव पापण्यांत आहे. आपले डोळे फार जागे, फार समजदार दिसतात असं खुद्द कार्लोफला वाटलं, म्हणून पापण्यांवर मेणाचा थर चढवून त्या जड केल्या गेल्या. नुकत्याच जन्मलेल्या, काहीच न कळणाऱ्या जिवाची ती नजर आहे. मोठं डोकं, आखूड पाय अशी गमतीशीर घडण असलेल्या फिगर्समध्ये डोकं आणि खिळे कोणीही करतो. पापण्या बघा. त्या जमल्या असतील तर बाकीचं शरीर कितीही बेढब केलेलं असो, तो राक्षस तोच राहतो.

माझ्या सासूबाईंनी तो सिनेमा पाहिलेला नाही. फिगर घरात आली तेव्हा त्या दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हा तापातून उठल्यासारखा दिसतो गं, बिचारा." तेव्हापासून दर रविवारी त्याच्यावरची धूळ त्याच पुसतात. त्या शिल्पकाराला याहून मोठी दाद मिळाली नसेल.

दुसरी माझी लाडकी फिगर म्हणजे 1954 च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' सिनेमातला गिलमॅन, पाण्यातला तो कल्लेवाला प्राणी. त्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक या बाईंनी कागदावर उतरवलं. श्रेय मात्र स्टुडिओच्या रंगभूषा विभागाच्या प्रमुखाला गेलं, आणि सिनेमाच्या प्रचारदौऱ्यानंतर बाईंना तिथलं कामच मिळेनासं झालं. पुढे कित्येक वर्षं त्यांचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्याकडचा गिलमॅन पाहून कोणी विचारलं, तर मी आधी त्यांचं नाव सांगते. फिगर घेताना त्याचे ओठ आणि कल्ले बघा. कल्ले गळ्यापासून वेगळे उठून आले नाहीत, तर लांबून तो नुसता हिरवा बेडूक दिसतो.

आता टिकण्याचं. यातल्या बहुतेक मोठ्या फिगर्स व्हिनाइलच्या, म्हणजे मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या, आणि आतून पोकळ असतात. जपानमध्ये याला सोफुबी म्हणतात. पातळ पीव्हीसी धातूच्या साच्यात ओततात, साचा तापवला की भिंतीला थर धरतो, उरलेलं काढून घेतात आणि गरम असतानाच फिगर साच्यातून ओढून काढतात. पोकळ असल्यामुळेच दोन फुटी फिगर एका हाताने उचलता येते. पण पीव्हीसीला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझर या तेलकट रसायनामुळे, आणि आपल्या हवेत सगळा त्रास त्याचाच. उष्णतेने व्हिनाइल नरम पडतं. माझा गिलमॅन एका मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीजवळ राहिला. वरचं सगळं वजन घोट्यांवर, त्यामुळे तो हळूहळू पुढे झुकत गेला. आठवड्याने मी पाहिलं तेव्हा नाक जवळजवळ काचेला टेकलं होतं. मला खूप वाईट वाटलं, पण यावर उपाय आहे. हेअर ड्रायरच्या मध्यम गरम हवेने घोटे मऊ करायचे, पाय सरळ धरायचे आणि तसेच धरून गार पाण्याने भिजवलेलं फडकं गुंडाळायचं. आता तो आतल्या भिंतीशी उभा असतो आणि एप्रिल-मे मध्ये त्याच्या पाठीला एक पारदर्शक टेकू असतो.

पावसाळ्यात दुसरी चूक झाली. ड्रॅक्युलाला धूळ लागू नये म्हणून मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवलं. गणपतीत काढलं तर अंग चिकट, गुळाच्या ढेपेला हात लावल्यासारखं. प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येतो, आणि पिशवीत त्याला बाहेर जायला वाट मिळत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड आणि पंख्याखाली वाळवणं, एवढं पुरलं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका, रंग उतरेल. व्हिनाइल थर्माकोलला थेट चिकटून महिनोन्‌महिने ठेवू नका, थर्माकोल विरघळून फिगरवर बसतो. मध्ये साधा पांढरा कागद घाला. घोडबंदर रोडला खाडीच्या बाजूला राहत असाल तर शोकेसमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि शोकेस पूर्ण बंद करू नका.

खर्चाचा हिशेब फिगरच्या किमतीवर करू नका. कुरिअर कंपन्या वजन बॉक्सच्या आकारावरूनही काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5000 ने भागायचं. 60 बाय 35 बाय 25 चा बॉक्स म्हणजे साडेदहा किलो, आत फिगर तीनच किलोची असली तरी. म्हणजे आपण बऱ्याच अंशी पोकळीचं भाडं भरतो. त्यात खेळण्यांवरची मूळ कस्टम्स ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्के. मी अशी एक फिगर परदेशातून थेट मागवली आणि घरी येईपर्यंत ती दुपटीच्या पुढे गेली. तेव्हापासून आधी इथल्याच जमवणाऱ्यांना विचारते. पुष्कळ जणांना घर बदलताना मोठ्या फिगर्स द्यायच्या असतात. त्यांच्या घरी जाऊन, हातात घेऊन, घोटे दाबून बघता येतात, आणि पापण्याही दिवसाच्या उजेडात दिसतात.

सुरुवात तुम्ही कार्लोफच्या राक्षसापासून करा असं मी म्हणेन, ममीपासून नको. ममीच्या पट्ट्यांत धूळ बसते आणि ती निघत नाही. आणि मागवण्याआधी माळ्याचं दार मोजून घ्या. मूळ बॉक्स ठेवावाच लागतो, नाहीतर पुढे फिगर कोणाला देताना अडचण होते. आमच्या माळ्याचं दार 45 सेंटिमीटरचं आहे, त्यामुळे गिलमॅनचा बॉक्स आजही सासूबाईंच्या पलंगाखाली आहे आणि त्यात त्यांच्या हिवाळ्याच्या शाली आहेत.