कुत्र्याचं पिल्लू आणलंय? मग खर्चाचं आधी बघा
सगळ्यात महाग पडतो तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा विषाणूचा आजार. त्या विषाणूवर हमखास औषध नाही. सलाइन, उलटीची इंजेक्शनं आणि दवाखान्यातला मुक्काम, बिल फुगतं ते त्यानेच. त्यामानाने लस किरकोळ. ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करा, १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांचा डोस चुकवू नका.

मग गोचीड. फिरवून आणलं की कानामागे, पायाच्या बेचक्यांत चाचपून बघाच. ताप, मरगळ, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर लगेच रक्त तपासा. गोचीडतापावर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक बहुधा २८ दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी शेपूट हलायला लागली म्हणून बंद करायचं नाही (सगळे तेच करतात!).

कानाची खाज एखादा दिवस थांबेल, पिल्लाच्या उलट्या-जुलाब नाही. आणि घरातली पॅरासिटामॉल मनाने अजिबात देऊ नका.