हळदीची चाळणी आणि उडणारी भुकटी

कुपवाडच्या शेडमध्ये हळद चाळायची आहे ना, मग आधी भुकटी ओढून गोळा करणाऱ्या कलेक्टरचा पंखा किती एचपीचा ते विचारू नकोस. भुकटी सुटते कुठून ते बघ. पोतं ओततात तिथून, नाहीतर चाळणीच्या फाटक्या कापडी बाहीतून. बाही आधी बदल. ओतायच्या जागेला तिन्ही बाजूंनी बंद हूड (हवा ओढणारं झाकण) कर; जाळीवरच जोरात ओढ लावलीस तर विकायचा माल कलेक्टरच्या गाळणी-बॅगेत जाईल. डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला 18-20 मीटर ठेव, कमी पडला की आडव्या पाइपात हळद बसते. ही भुकटी हवेत पेट घेते, स्फोटही होतो. म्हणून अँटिस्टॅटिक बॅगा, अर्थिंग आणि स्फोटाचा दाब सोडायला शेडबाहेर मोकळ्या जागेकडे उघडणारा व्हेंट यात काटकसर नको. आणि मिरची त्याच कलेक्टरवर? अजिबात नाही, मालक कितीही म्हणू दे.