पुट्टीमध्ये निळी अक्षरं वाचता येत नाहीत आणि गिटमधला लाल-हिरवा फरक कळत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममधून लिनक्स सर्व्हरवर गेल्यावर फोल्डरची नावं कशीबशी वाचता येतात, विम या एडिटरमधल्या कॉमेंट तर काळ्या पडद्यात बुडूनच जातात आणि कोडमधले बदल दाखवणाऱ्या गिट डिफमधल्या लाल-हिरव्या ओळी सारख्याच वाटतात. यातलं लाल-हिरव्याचं दुखणं माझंही आहे. कॉलेजच्या वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा तपासणारी इशिहाराची ठिपक्यांची पुस्तिका समोर आली आणि निम्म्या पानांवर मला आकडाच दिसला नाही, तेव्हा मला ते कळलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी निळ्याचं बघू. विम किंवा एलएस (फाइल-फोल्डरांची यादी दाखवणारी कमांड) टर्मिनलला, म्हणजे इथे पुट्टीला, फक्त 'चार नंबरचा रंग लाव' एवढंच सांगतात. चार नंबर म्हणजे निळा हे ठरलेलं आहे, पण नेमकी छटा कोणती हे टर्मिनल ठरवतं. पुट्टीत ती लाल ०, हिरवा ०, निळा १८७ अशी येते. आपल्या डोळ्याला निळ्याचा उजेड फार कमी जाणवतो. वेबच्या सुगम्यता मानकातल्या सूत्रात हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन आहे, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७. त्या सूत्राने या निळ्याचा काळ्यावरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उठाव, १.७ ला १ एवढाच येतो. साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो. एलएस फोल्डरसाठी ठळक निळा मागतं, तो ४.१ च्या आसपास जातो, म्हणून ती नावं निदान वाचता तरी येतात. तेव्हा डोळ्यांना दोष देऊ नका, दोष छटेचा आहे.

म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या मागे न लागता छटाच बदला. पुट्टीच्या खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करून 'चेंज सेटिंग्ज' उघडा. 'विंडो'खाली 'कलर्स'मध्ये 'एएनएसआय ब्लू' निवडा आणि ९५, १३५, २५५ भरा. कॉन्ट्रास्ट थेट ६.४ होतो. 'ब्लू बोल्ड' त्याहून थोडा उजळ ठेवा. मग 'सेशन'वर परत या आणि नाव निवडून 'सेव्ह' दाबा. हे राहिलं तर उद्या खिडकी पुन्हा जुन्याच रंगात उघडेल. यात माझी दोनदा फजिती झाली आहे.

विमचं निम्मं दुखणं वेगळंच आहे. पुष्कळदा तो पार्श्वभूमी पांढरी आहे असं धरून चालतो, म्हणून कॉमेंटला गडद निळा देतो. विमआरसी या विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'सेट बॅकग्राउंड' डार्क करा, कॉमेंट आकाशी होतील.

निळा उजळवला की एक नवी अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. कुणालाही लिहिता येईल अशा फोल्डरचं नाव एलएस हिरव्या पट्टीवर निळ्या अक्षरांत दाखवतं. जुना गडद निळा हिरव्यावर ठीक दिसायचा, नवा मात्र १.३ वर येतो, म्हणजे जवळजवळ गायब. त्यासाठी एलएसचे रंग ठरवणारी 'डरकलर्स' कमांड डॅश पी देऊन चालवा, जे छापून येईल ते होम फोल्डरमधल्या 'डॉट डरकलर्स' फाइलमध्ये घ्या आणि 'अदर रायटेबल'च्या ओळीतलं ३४;४२ बदलून ३०;४२ करा, म्हणजे हिरव्यावर काळी अक्षरं येतील. फाइलमध्ये आकडे अर्थातच इंग्रजी लिहायचे. उबुंटूवर लॉगिन केल्यावर चालणारी मूळची बॅशआरसी आपली ही 'डॉट डरकलर्स' फाइल आपणहून वाचते. रेड हॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरवर फाइलच्या नावात 'डर' आणि 'कलर्स'मध्ये अंडरस्कोर असतो. बदल फक्त तुमच्या खात्यापुरता राहतो, बाकीच्यांच्या रंगांना धक्का लागत नाही. मिडनाइट कमांडर हा फाइल मॅनेजर वापरत असाल तर त्याची निळी पार्श्वभूमीही उजळेल आणि राखाडी अक्षरं फिकी पडतील. तिथे स्किन, म्हणजे त्याचा रंगसंच, बदलणं बरं.

आता लाल-हिरवा. गिटच्या कॉन्फिगमध्ये 'कलर डॉट डिफ'खाली 'ओल्ड' आणि 'न्यू' असतात. तिथे रंगाच्या नावाऐवजी ० ते २५५ मधला नंबरही चालतो. मी 'ओल्ड'ला २०८ म्हणजे नारिंगी आणि 'न्यू'ला ७५ म्हणजे आकाशी दिलाय. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या बहुतेकांना नारिंगी आणि निळा स्वच्छ वेगळे दिसतात. ओळीच्या सुरुवातीची अधिक-वजा चिन्हंही बघत चला. माझी नजर आता आधी तिकडेच जाते.

मागे एका कामाच्या ठिकाणी सर्व्हरची तब्येत दाखवणारी स्क्रिप्ट होती. नावापुढे नुसता एक ठिपका, चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. रात्रपाळीत मी एक बंद सर्व्हर चालू समजून पुढे गेलो. सकाळी सहकाऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने ठिपक्याशेजारी 'ओके' आणि 'डाउन' हे शब्द टाकले. बदल एका ओळीचा होता, पण त्यानंतर मला त्या यादीची भीती वाटली नाही. तुमच्याकडे अशी स्क्रिप्ट असेल तर संकोच न करता सांगा, समोरच्याच्या ते लक्षातही आलेलं नसतं.

पुट्टी सोडायची तयारी असेल तर व्हीएस कोड या एडिटरच्या टर्मिनलमध्ये किमान कॉन्ट्रास्टची सेटिंग आहे. ती मुळातच ४.५ वर असते, ७ केलीत तर फिकी अक्षरं तो स्वतःच उजळवतो. मॅकवर आयटर्म २ या टर्मिनलमध्ये अशीच सरकपट्टी मिळते. आणि एखाद्या प्रोग्रॅमचे रंग कशानेच सुधारत नसतील तर 'नो कलर' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ द्या. २०१७ पासूनचा हा संकेत आता बरेच प्रोग्रॅम पाळतात आणि सगळा मजकूर साध्या अक्षरांत देतात. एलएस मात्र तो पाळत नाही, त्याला 'कलर'चा पर्याय 'नेव्हर' असा वेगळा द्यावा लागतो.